टँकर युद्ध आणि ठराव ५९८ : तेलवाहतूक, लष्करी चढाओढ व राजनयाचे अपयश (१९८४-१९८८)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दीर्घ युद्धांमध्ये इराण-इराक युद्धाची (१९८०-१९८८) गणना करावी लागते. या युद्धाचा मुख्य रंगमंच जमिनीवरचा असला, तरी १९८४ पासून त्याला सागरी परिमाण प्राप्त झाले. दोन्ही राष्ट्रांनी परस्परांच्या तेलनिर्यातीवर आघात करण्यासाठी पर्शियन आखातातील व्यापारी जहाजांना लक्ष्य केले. या टप्प्याला ‘टँकर युद्ध’ असे संबोधले जाते. लॉइड्सच्या नेहमी उद्धृत केल्या जाणाऱ्या अंदाजानुसार युद्धकाळात ५४६ व्यापारी जहाजांची हानी झाली व सुमारे ४३० नागरी खलाशी मृत्युमुखी पडले. या खलाशांपैकी बहुतेकांचा त्या युद्धाशी काहीही संबंध नव्हता.

टँकर युद्धाचे विवेचन करताना अभ्यासकांचा भर सामान्यतः नौदल कारवायांवर असतो. राजनयाविषयी ‘मध्यस्थीचे सर्व प्रयत्न निष्फळ ठरले’ असे एखादे वाक्य लिहून विषय संपविला जातो. परंतु घटनाक्रम बारकाईने पाहिल्यास एक विलक्षण गोष्ट निदर्शनास येते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २० जुलै १९८७ रोजी ज्या शब्दांत ठराव ५९८ संमत केला, त्याच शब्दांना इराणने जुलै १९८८ मध्ये मान्यता दिली. या एका वर्षात ठरावातील एकही अक्षर बदलले नाही. मात्र त्या अवधीत हजारो माणसे प्राणास मुकली. तोडग्याचा मसुदा हाताशी असताना हे वर्ष का वाया गेले, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१) तेलवाहतुकीवरील हल्ल्यांमागील आर्थिक व सामरिक कारणांचा शोध घेणे.
२) तटस्थ जहाजांच्या संरक्षणामुळे संघर्षाच्या स्वरूपात झालेल्या बदलाचे विश्लेषण करणे.
३) ठराव ५९८ च्या अंमलबजावणीस झालेल्या विलंबाची कारणमीमांसा करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सुरक्षा परिषदेचे ठराव व आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निर्णय यांचा आधार घेतला आहे.

१. पार्श्वभूमी : सीमा, क्रांती आणि पहिला अविश्वास

शत्त-अल-अरब या नदीच्या हक्कावरून इराण व इराक यांच्यात जुना वाद होता. ६ मार्च १९७५ रोजी अल्जिअर्स येथे झालेल्या करारान्वये या नदीतील सर्वांत खोल जलमार्गाची मध्यरेषा ही सीमा मानण्याचे ठरले. इराकसाठी ही तडजोड नाइलाजाची होती. १९७९ च्या इस्लामी क्रांतीने इराणमधील राजसत्ता उलथून पडली, सैन्याची घडी विस्कटली आणि क्रांतीचे लोण इराकमधील शिया समाजात पसरण्याची भीती बगदादला वाटू लागली. सद्दाम हुसेन यांनी १७ सप्टेंबर १९८० रोजी अल्जिअर्स करार रद्द केल्याचे जाहीर केले आणि २२ सप्टेंबर रोजी इराकी सैन्य इराणमध्ये घुसले.

सुरक्षा परिषदेचा या आक्रमणावरील पहिला प्रतिसाद पुढील आठ वर्षांच्या दृष्टीने निर्णायक ठरला. २८ सप्टेंबर १९८० च्या ठराव ४७९ मध्ये दोन्ही पक्षांनी बळाचा वापर थांबवावा असे आवाहन करण्यात आले. परंतु इराकी फौजांनी आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत मागे जावे, असा शब्दही त्यात नव्हता. म्हणजेच ज्या क्षणी इराणचा भूप्रदेश शत्रूच्या ताब्यात होता, त्या क्षणी परिषदेने ‘आहे तेथे थांबा’ एवढेच सांगितले. तेहरानमधील अमेरिकी दूतावासातील ओलीस तेव्हा इराणच्याच कैदेत होते आणि त्यामुळे इराणला जागतिक सहानुभूती नव्हती, हे खरे आहे. तथापि परिषद पक्षपाती आहे ही इराणची धारणा येथे रुजली व ती शेवटपर्यंत पुसली गेली नाही.

मे १९८२ मध्ये इराणने खोर्रमशहर परत मिळविले. त्यानंतर युद्ध थांबविण्याची संधी होती. पण इराणी नेतृत्वाने जुलै १९८२ मध्ये लढाई इराकच्या भूमीत नेली. आक्रमणाचा बळी ठरलेले राष्ट्र आता सद्दाम राजवटीच्या उच्चाटनाची भाषा बोलू लागले. अविश्वासाला अशा रीतीने दोन्ही बाजूंनी खतपाणी मिळाले. अलिप्त राष्ट्र चळवळीची सातवी शिखर परिषद १९८२ मध्ये बगदादला भरावयाची होती. युद्धामुळे ती मार्च १९८३ मध्ये नवी दिल्ली येथे घ्यावी लागली. अलिप्ततावादी देशांचे दोन सदस्य परस्परांशी लढत असताना चळवळ कशी हतबल होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

२. टँकर युद्धाचा उगम : असमान भूगोल

टँकर युद्ध समजून घेण्यासाठी दोन्ही देशांच्या तेलनिर्यातीचा भूगोल लक्षात घेणे अगत्याचे आहे. इराकला समुद्रकिनारा नाममात्र आहे. मीना अल-बक्र व खोर अल-अमाया ही त्याची आखातातील तेलस्थानके युद्धाच्या आरंभीच निकामी झाली. एप्रिल १९८२ मध्ये सीरियाने आपल्या भूमीतून जाणारी इराकची तेलवाहिनी बंद केली. आता इराकचे तेल मुख्यतः तुर्कस्तानातून जाणाऱ्या वाहिनीनेच भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचू शकत होते. याउलट इराणची जवळजवळ सर्व निर्यात समुद्रमार्गे आणि तीही प्रामुख्याने खार्ग या एका बेटावरून होत असे. परिणामी इराणची तिजोरी समुद्रावर अवलंबून होती, तर इराककडे समुद्रावर गमावण्यासारखे फारसे उरले नव्हते.

या असमानतेचा लाभ इराकने हेतुपुरस्सर उठविला. ऑक्टोबर १९८३ मध्ये फ्रान्सकडून त्याला पाच सुपर एतांदार विमाने भाडेतत्त्वावर मिळाली आणि त्यांच्या जोडीला एक्झोसे क्षेपणास्त्रे होती. १९८४ च्या वसंत ऋतूपासून खार्गकडे ये-जा करणाऱ्या जहाजांवरील हल्ल्यांना वेग आला. इराकचा हेतू दुहेरी होता. इराणचे तेलउत्पन्न घटवावयाचे हा पहिला. आणि जगाचा तेलपुरवठा धोक्यात आणून मोठ्या सत्तांना युद्ध थांबविण्यासाठी हस्तक्षेप करावयास भाग पाडावयाचे हा दुसरा व अधिक महत्त्वाचा.

इराणपुढे पेच असा होता की, प्रत्युत्तरादाखल हल्ला करण्यासाठी आखातात इराकी टँकरच नव्हते. तेव्हा इराकला कर्जे व बंदरे पुरविणाऱ्या कुवेत आणि सौदी अरेबियाच्या व्यापाराकडे त्याने मोर्चा वळविला. मे १९८४ मध्ये कुवेती व सौदी टँकरांवर इराणी विमानांनी हल्ले केले. सुरक्षा परिषदेने १ जून १९८४ च्या ठराव ५५२ द्वारे कुवेत व सौदी अरेबियाकडे जाणाऱ्या जहाजांवरील हल्ल्यांचा निषेध केला. ज्या हल्ल्यांनी या मालिकेला आरंभ झाला, त्या इराकी हल्ल्यांचा मात्र या ठरावात निषेध नव्हता. ५ जून रोजी सौदी विमानांनी एक इराणी लढाऊ विमान पाडले.

तटस्थ जहाजांवर हल्ला करणे हे इराणचे कृत्य समर्थनीय नव्हते. परंतु समुद्रावरील युद्ध इराकने सुरू केले आणि निषेधाचा धनी इराण झाला, ही वस्तुस्थिती आहे. इराकचे डावपेच येथे यशस्वी झाले. तटस्थांना दुखावल्याखेरीज प्रत्युत्तर देता येणार नाही अशा कोपऱ्यात त्याने शत्रूला रेटले आणि प्रत्येक प्रत्युत्तरागणिक इराण अधिकाधिक एकाकी पडत गेला.

३. हुकलेली संधी : जून १९८४ चा नागरी करार

याच जून महिन्यात राजनयाला एक लहानसे यश मिळाले होते. महासचिव हाविएर पेरेझ द क्वेलार यांच्या आवाहनावरून दोन्ही देशांनी १२ जून १९८४ पासून परस्परांच्या नागरी वस्त्यांवर हल्ले न करण्याचे मान्य केले. हा निर्बंध मार्च १९८५ पर्यंत बव्हंशी टिकला. युद्ध थांबले नसतानाही त्याचा एखादा क्रूर भाग बाजूला काढता येतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

इराणने हाच निर्बंध आखातातील जहाजांनाही लागू करण्याची सूचना केली. इराकने ती फेटाळली. त्याचे तर्कशास्त्र त्याच्या दृष्टीने सुसंगत होते. जमिनीवर संख्याबळ इराणकडे होते. हवेत व समुद्रावर इराकचे पारडे जड होते. समुद्रावर शांतता आणि जमिनीवर लढाई अशी व्यवस्था म्हणजे आपले एकमेव हत्यार म्यान करून शत्रूला मोकळीक देणे होय, असे बगदादला वाटत होते. म्हणून इराकची मागणी सदैव सर्वंकष शस्त्रसंधीची, तर इराणची तयारी केवळ मर्यादित निर्बंधांची राहिली. दोघांच्याही मुखी शांततेची भाषा होती. पण प्रत्येकाला हवी असलेली शांतता नेमकी दुसऱ्याचे बलस्थान काढून घेणारी होती.

परिणामी हल्ल्यांचा आलेख चढत गेला. १९८४ मध्ये सुमारे ७० जहाजांवर हल्ले झाले. १९८५ मध्ये ही संख्या घटली, १९८६ मध्ये ती शंभरावर गेली आणि १९८७ मध्ये दीडशेही ओलांडून गेली. खार्ग धोक्यात आल्यावर इराणने लहान टँकरांच्या फेऱ्यांनी तेल दक्षिणेकडील सिर्री बेटापर्यंत नेऊन तेथून परदेशी जहाजांत भरण्याची व्यवस्था केली. ऑगस्ट १९८६ मध्ये इराकी विमानांनी सिर्रीवरही हल्ला केला, तेव्हा हे केंद्र होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळील लारक बेटाकडे हलविण्यात आले. विशेष म्हणजे या साऱ्या काळात होर्मुझची सामुद्रधुनी एकदाही बंद झाली नाही आणि १९८६ मध्ये तर तेलाच्या किमती जागतिक अतिपुरवठ्यामुळे कोसळल्या. ‘तेलपुरवठा तुटेल आणि मग जग धावून येईल’ हा इराकचा हिशेब त्यामुळे तीन वर्षे लांबला.

४. ध्वजबदल : संरक्षक झाला पक्षकार

फेब्रुवारी १९८६ मध्ये इराणने फाओ द्वीपकल्प काबीज केला आणि युद्ध कुवेतच्या उंबरठ्यावर आले. आपल्या टँकरांवरील वाढते हल्ले पाहून कुवेतने १९८६ च्या अखेरीस एक चतुर चाल खेळली. त्याने संरक्षणासाठी सोव्हिएत संघ व अमेरिका या दोघांचीही दारे ठोठावली. सोव्हिएत संघाने तीन टँकर कुवेतला भाड्याने देऊ केले. त्यासरशी अमेरिकेने अकरा कुवेती टँकरांची आपल्या देशात नोंदणी करून त्यांवर अमेरिकी ध्वज चढविण्यास संमती दिली. अमेरिकी ध्वज असलेल्या जहाजाचे रक्षण करणे अमेरिकी नौदलाचे कर्तव्य ठरत असल्याने हा कायद्याच्या चौकटीत बसणारा मार्ग होता.

या निर्णयामागे आणखी एक कारण होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेने इराणला गुप्तपणे शस्त्रे विकल्याचे उघडकीस आले होते. त्यामुळे अरब राष्ट्रांचा अमेरिकेवरील विश्वास डळमळीत झाला होता. तो सावरण्यासाठी रेगन प्रशासनाला ठळक कृती हवी होती. तेहरानशी चाललेला गुप्त संवाद अशा प्रकारे बदनाम होऊन संपुष्टात आला आणि त्याची जागा युद्धनौकांनी घेतली.

१७ मे १९८७ रोजी इराकी विमानाने डागलेल्या दोन एक्झोसे क्षेपणास्त्रांनी ‘स्टार्क’ ही अमेरिकी युद्धनौका विदीर्ण झाली व ३७ नौसैनिक ठार झाले. इराकने ही चूक असल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली आणि ती स्वीकारली गेली. युद्ध लांबविण्याचा दोष अध्यक्ष रेगन यांनी इराणला दिला. हल्ला इराकचा आणि ठपका इराणवर, हे १९८४ चे सूत्र येथे पुन्हा एकदा दिसून येते. तटस्थ वाहतुकीचे रक्षण करण्यासाठी आलेली सत्ता एका पक्षाकडे झुकली असल्याची इराणची खात्री या घटनेने पटली.

५. ठराव ५९८ आणि वाया गेलेले वर्ष

२० जुलै १९८७ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव ५९८ एकमताने संमत केला. सनदेच्या ३९ व ४० या अनुच्छेदांखाली केलेल्या या ठरावात पूर्वीच्या ठरावांपेक्षा बरेच काही नवे होते. पहिल्या परिच्छेदात तत्काळ शस्त्रसंधी व आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत माघार यांची एकत्रित मागणी होती.  पुढील परिच्छेदांत निरीक्षक पथक, युद्धकैद्यांची मुक्तता व मध्यस्थीस सहकार्य यांचा समावेश होता. सहाव्या परिच्छेदात युद्धाच्या जबाबदारीची चौकशी करण्यासाठी निःपक्षपाती मंडळ नेमण्याची शक्यता महासचिवांनी दोन्ही देशांशी विचारविनिमय करून पडताळावी, अशी तरतूद होती. सातव्या परिच्छेदात पुनर्बांधणीचा व आठव्यात प्रादेशिक सुरक्षेचा उल्लेख होता.

इराकने हा ठराव काही दिवसांतच स्वीकारला, मात्र इराणनेही तो स्वीकारावा ही अट त्यास जोडली. इराणने ठराव स्वीकारला नाही व नाकारलाही नाही. त्याचे म्हणणे असे की, प्रथम सहाव्या परिच्छेदानुसार आक्रमक कोण हे ठरावे, मगच पहिल्या परिच्छेदाची अंमलबजावणी व्हावी. म्हणजे वाद मजकुराविषयी नव्हता. तो मजकुराच्या क्रमाविषयी होता. इराकच्या मते शस्त्रे खाली ठेवल्यावर चौकशी. इराणच्या मते चौकशीनंतर शस्त्रसंधी. इराणच्या हट्टामागे ठराव ४७९ ची आठवण होती. एकदा बंदुका शांत झाल्या की जबाबदारीचा प्रश्न कोणीही विचारणार नाही, ही त्याची भीती होती.

असा क्रमाचा वाद सोडविणे हे मुरलेल्या राजनयाच्या आवाक्यातील काम आहे. चौकशी मंडळाची घोषणा व शस्त्रसंधी एकाच दिवशी अमलात आणण्यासारखे मार्ग त्यासाठी उपलब्ध असतात. परंतु समुद्रावरील घटनांनी वाटाघाटींना उसंत दिली नाही. ठराव संमत झाल्यानंतर चौथ्याच दिवशी, २४ जुलै रोजी, अमेरिकी संरक्षणातील पहिल्या ताफ्यातील ‘ब्रिजटन’ हा महाकाय टँकर फार्सी बेटाजवळ सुरुंगावर आदळला. ताफ्याच्या रक्षणासाठी आलेल्या युद्धनौकांना सुरुंग शोधण्याची साधने नव्हती. त्यामुळे जखमी टँकर पुढे आणि त्याच्या मागून त्याचे संरक्षक, असा ताफा कुवेतकडे गेला. ३१ जुलै रोजी मक्केत इराणी यात्रेकरू व सौदी सुरक्षा दले यांच्यातील चकमकीत चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि प्रादेशिक मध्यस्थीची दारेही लोटली गेली.

सप्टेंबर १९८७ मध्ये महासचिव स्वतः तेहरान व बगदाद येथे जाऊन आले. त्याच महिन्यात इराणचे तत्कालीन अध्यक्ष अली खामेनी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेपुढे भाषण करणार होते. २१ सप्टेंबर रोजी रेगन यांनी त्याच व्यासपीठावरून, इराणला ठराव मान्य आहे की नाही हे स्पष्ट सांगण्याचे आव्हान दिले. त्याच दिवशी आखातात ‘इराण अज्र’ हे इराणी जहाज सुरुंग पेरताना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी टिपले व नौदलाने ते ताब्यात घेतले. दुसऱ्या दिवशी खामेनी बोलावयास उभे राहिले तेव्हा त्यांच्या देशाची बाजू ऐकून घेण्याची कोणाची मनःस्थिती उरली नव्हती. एकाच राष्ट्राची परराष्ट्रनीती न्यूयॉर्कमध्ये एक आणि समुद्रावर दुसरीच असेल, तर तिची पत कशी ढासळते याचा हा वस्तुपाठ होय.

पुढील महिन्यांत कृती व प्रतिकृती यांची साखळी अधिक घट्ट झाली. १६ ऑक्टोबर रोजी कुवेतजवळ ‘सी आइल सिटी’ या अमेरिकी ध्वजाच्या टँकरवर क्षेपणास्त्र पडले. १९ ऑक्टोबर रोजी अमेरिकेने इराणची समुद्रातील तेलफलाटे उद्ध्वस्त केली. ठराव न स्वीकारल्याबद्दल इराणवर शस्त्रबंदी लादण्याचा प्रस्ताव अमेरिकेने पुढे रेटला. सोव्हिएत संघ व चीन यांनी त्यात चालढकल केली. सोव्हिएत संघाने आखातात संयुक्त राष्ट्रांचे नौदल असावे असे सुचविले; ते अमेरिकेला रुचले नाही. जुलैमध्ये एकमताने हात वर करणारी परिषद वर्षअखेरीस आपापल्या हितसंबंधांत विभागली गेली होती.

१४ एप्रिल १९८८ रोजी ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही अमेरिकी युद्धनौका सुरुंगामुळे बुडता बुडता वाचली. १८ एप्रिल रोजी अमेरिकी नौदलाने आणखी दोन तेलफलाटे नष्ट करून ‘सहंद’ व ‘जोशन’ या इराणी नौका बुडविल्या. त्याच सुमारास इराकी सैन्याने फाओ परत घेतले. हे दोन्ही आघात एकाच वेळी व्हावेत, यात तेहरानला योगायोग दिसला नाही. तत्पूर्वी मार्चमध्ये इराकने हलब्जा येथे रासायनिक अस्त्रांनी हजारो कुर्द नागरिकांचा बळी घेतला होता आणि तेहरानवर क्षेपणास्त्रांचा वर्षाव चालविला होता.

६. ३ जुलै १९८८

३ जुलै १९८८ रोजी सकाळी बंदर अब्बास येथून दुबईकडे निघालेले इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे एअरबस विमान अमेरिकेच्या ‘विन्सेन्स’ या युद्धनौकेने क्षेपणास्त्रांनी पाडले. विमान नागरी हवाई मार्गावर होते व ते उंची गाठत होते. इराणी नौकांशी चकमकीत गुंतलेल्या युद्धनौकेवर ते हल्ल्यासाठी येणारे लढाऊ विमान समजले गेले. विमानातील सर्व २९० जण मृत्युमुखी पडले. त्यांत ६६ बालके होती. मृतांमध्ये दहा भारतीय होते. आखातात भारतीय ध्वजाच्या टँकरांवरही हल्ले झाले होते आणि अनेक परदेशी जहाजांवर भारतीय खलाशी काम करीत होते. मुंबईसारख्या बंदरातील नाविक कुटुंबांसाठी हे युद्ध केवळ वृत्तपत्रातील बातमी नव्हती.

ही घटना इराणच्या निर्णयाचे एकमेव कारण होते असे म्हणता येणार नाही. जमिनीवरील लागोपाठचे पराभव, रासायनिक अस्त्रांची दहशत, रिकामी होत चाललेली तिजोरी व स्वयंसेवकांची आटलेली भरती ही कारणे आधीपासून साठत होती. परंतु आता अमेरिका कोणत्याही थराला जाईल, असा अर्थ इराणी नेतृत्वाने या घटनेतून काढला. १८ जुलै १९८८ रोजी इराणने ठराव ५९८ बिनशर्त स्वीकारल्याचे जाहीर झाले. दोन दिवसांनी आयातुल्ला खोमेनी यांनी हा निर्णय विषाचा प्याला पिण्यासारखा असल्याचे जनतेला सांगितले. आता इराकने टाळाटाळ आरंभिली व काही आठवडे हल्ले चालू ठेवले. अखेर २० ऑगस्ट १९८८ रोजी शस्त्रसंधी अमलात आली.

७. सहाव्या परिच्छेदाचे भवितव्य

ज्या सहाव्या परिच्छेदासाठी इराणने वर्षभर शस्त्रसंधी रोखून धरली, त्याचे पुढे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. शस्त्रसंधीनंतर जबाबदारीचा प्रश्न खरोखरच मागे पडला. इराणची भीती अनाठायी नव्हती. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. ज्या कुवेतच्या टँकरांसाठी अमेरिकी नौदल लढले होते, त्याच कुवेतला इराकच्या कर्जवसुलीची किंमत मोजावी लागली. त्याच महिन्यात सद्दाम हुसेन यांनी इराणला पत्र पाठवून १९७५ चा अल्जिअर्स करार पुन्हा मान्य केला. म्हणजे ज्या सीमेसाठी युद्ध पुकारले, तीच सीमा दहा वर्षांनी पत्राने परत दिली. ९ डिसेंबर १९९१ रोजी, आपली कारकीर्द संपण्यास काही दिवस उरले असताना, पेरेझ द क्वेलार यांनी २२ सप्टेंबर १९८० च्या इराकी हल्ल्याचे सनदेच्या कोणत्याही नियमाने समर्थन होऊ शकत नाही, असा अहवाल दिला. हा निष्कर्ष जेव्हा उपयोगी पडला असता तेव्हा तो उच्चारणे गैरसोयीचे होते. जेव्हा तो उच्चारला गेला तेव्हा इराक जगात एकाकी होता आणि त्या उच्चाराला काहीही किंमत मोजावी लागत नव्हती.

समुद्रावरील घटनांचा न्यायनिवाडाही असाच उशिरा झाला. विमानाच्या प्रकरणात १९९६ मध्ये तडजोड होऊन अमेरिकेने इराणी मृतांच्या वारसांसाठी ६.१८ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तेलफलाटांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ६ नोव्हेंबर २००३ रोजी निकाल दिला. फलाटांवरील हल्ले अमेरिकेच्या अत्यावश्यक सुरक्षाहिताच्या रक्षणासाठी समर्थनीय ठरत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. तथापि त्यामुळे उभय देशांमधील व्यापारस्वातंत्र्याचा भंग झाला हा इराणचा दावाही फेटाळला. दोघांनाही अर्धा न्याय आणि तोही पंधरा वर्षांनंतर मिळाला.

निष्कर्ष

१) टँकर युद्धाचे मूळ दोन्ही देशांच्या निर्यातमार्गांच्या असमानतेत होते. ज्याला समुद्रावर गमावण्यासारखे नव्हते त्याने हल्ले सुरू केले आणि ज्याला प्रत्युत्तरासाठी तटस्थांवाचून लक्ष्यच नव्हते तो दोषी ठरला. मात्र तटस्थांवरील हल्ले व सुरुंगपेरणी यांमुळे इराणने आपली न्याय्य तक्रारही स्वतःच दुबळी केली.

२) जून १९८४ च्या अनुभवावरून मर्यादित करार शक्य होते हे स्पष्ट होते. समुद्रावरील निर्बंधाची सूचना तेव्हा अव्हेरली गेली नसती, तर शेकडो जहाजे व त्यांवरील खलाशी वाचले असते.

३) तटस्थ वाहतुकीचे संरक्षण ही स्वतःत रास्त भूमिका असली, तरी ती एकाच पक्षाच्या मित्रांपुरती मर्यादित राहिल्याने संरक्षक हाच पक्षकार बनला. सुरक्षा परिषदेत मध्यस्थाची खुर्ची आणि आखातात युद्धनौकेचा पूल, या दोन्ही जागा एकाच वेळी सांभाळणे अमेरिकेला शक्य झाले नाही.

४) जुलै १९८७ नंतर राजनय अपयशी ठरला तो मसुद्याच्या अभावी नव्हे. पहिला परिच्छेद आधी की सहावा, एवढाच प्रश्न शिल्लक होता. त्याचे उत्तर शोधण्यास लागणारा विश्वास १९८० च्या मौनाने आधीच खर्ची पडला होता.

राजनयाच्या इतिहासात ठरावांच्या तारखा नोंदविल्या जातात. दोन तारखांमधील अंतर क्वचितच मोजले जाते. २० जुलै १९८७ आणि १८ जुलै १९८८ यांमध्ये दोन दिवस कमी एक वर्षाचे अंतर आहे. ‘रॉबर्ट्स’वरील जखमी नाविक, फाओच्या दलदलीत पडलेले दोन्हीकडील सैनिक, हलब्जातील नागरिक आणि दुबईला निघालेल्या विमानातील ते २९० जण या अंतरात सापडले. आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्यापन करताना विद्यार्थ्यांपुढे ठरावाचा मजकूर ठेवणे आवश्यक आहेच. परंतु तो मजकूर तयार असताना गेलेल्या त्या वर्षाचा हिशेबही त्यासोबत मांडला गेला पाहिजे.